फेरारी २५० जीटीओ : क्रमांक ३८५१ची कहाणी

१९६२ ते १९६४ या तीन वर्षांत इटलीतल्या मारानेल्लो गावच्या फेरारी कारखान्यातून ‘२५० जीटीओ’ नावाच्या ३६ गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या ३३ पहिल्या घडणीच्या आणि तीन १९६४च्या बदललेल्या घडणीच्या. याच सांगाड्यावर चार लिटरचे इंजिन बसवलेल्या आणखी तीन गाड्या वेगळ्या मोजल्या जातात. शर्यतीसाठी बनलेली, पण रस्त्यावरही चालवता येणारी ही गाडी आज जगातल्या सर्वांत महाग मोटारींपैकी एक आहे. या ३६ गाड्यांपैकी जिच्या चासीवर ३८५१ हा आकडा ठोकलेला आहे, तिच्या वाट्याला या गाडीने पाहिलेले जवळजवळ सगळे दिवस आले. पहिल्याच शर्यतीत मोठे यश, दुसऱ्या शर्यतीत चालकाचा मृत्यू, मग डोंगरी रस्त्यांवरच्या शर्यती, भंगाराच्या भावाची वर्षे, एकाच माणसाकडे साडेचार दशके आणि शेवटी लिलावातला विक्रम. या मोटारींचा इतिहास समजून घ्यायला ही एक गाडी पुरेशी आहे.

नियम आणि पळवाट

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९६२पासून उत्पादकांची जागतिक स्पर्धा ‘ग्रँड टुरिंग’ म्हणजे जीटी प्रकारच्या गाड्यांसाठी ठेवायचे ठरवले. हा प्रकार तत्त्वतः बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा होता. एखाद्या मॉडेलला मान्यता हवी असेल, तर बारा महिन्यांत त्याच्या किमान शंभर गाड्या बनलेल्या असाव्यात, अशी अट होती. फेरारीला इतक्या शर्यतीच्या गाड्या बनवायच्या नव्हत्या आणि त्या विकल्या जाण्याची खात्रीही नव्हती. कारखान्याने मग असे मांडले की, जीटीओ ही नवी गाडी नसून १९५९पासून बनत असलेल्या, आखूड सांगाड्याच्या २५० जीटीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. आधीच्या गाडीची मान्यता नव्या गाडीला मिळाली. नावातली ‘जीटीओ’ ही अक्षरे ‘मान्यताप्राप्त ग्रँड टुरिंग’ या अर्थाच्या इटालियन शब्दांची आहेत. २५० हा आकडा एका सिलिंडरच्या घन सेंटिमीटरमधल्या आकारमानाचा.

घाई करायला आणखीही एक कारण होते. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात इंग्लंडच्या जॅग्वारने ई-टाइप ही गाडी आणली होती. तिची किंमत फेरारीच्या मानाने फारच कमी होती आणि वेग जवळपास बरोबरीचा. आखूड सांगाड्याच्या फेरारीचे इंजिन जोरकस होते, पण बोथट नाकामुळे सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा तिला नडत होता. म्हणून इंजिनापेक्षाही आधी गाडीच्या आकाराकडे लक्ष देणे भाग होते.

हे काम जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याकडे आले. त्याने इंजिन खाली आणि मागे सरकवले, नाक लांब व ठेंगणे केले आणि शेपटी उंच उचलून कापली. सप्टेंबर १९६१मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने प्रायोगिक गाडी चालवून पाहिली. काम पूर्णत्वाला येण्याआधीच त्या वर्षाच्या अखेरीस कारखान्यात मोठा कलह झाला. एन्झो फेरारीच्या पत्नी लाउरा यांचा कामकाजातला हस्तक्षेप आणि विक्रीप्रमुखाची बडतर्फी यांवरून वरिष्ठांनी निषेध नोंदवला. एन्झोने त्यांना थेट घरी पाठवले. मुख्य अभियंता कार्लो किती, संघव्यवस्थापक रोमोलो तावोनी आणि बिझ्झारिनी हे सगळे एका फटक्यात बाहेर पडले. मागे उरलेल्या तरुण मंडळींतून माउरो फोर्गिएरीवर जबाबदारी पडली. तो तेव्हा अवघ्या २६ वर्षांचा होता. मागच्या धुरीला त्याने वॅटची जोडणी दिली. तिच्यामुळे वळणावर धुरी आडवी सरकेनाशी झाली आणि गाडी वेगातही सरळ राहू लागली. २४ फेब्रुवारी १९६२ रोजी मारानेल्लोतल्या वार्षिक पत्रकार परिषदेत जीटीओ जगापुढे आली.

गाडीची घडण

बॉनेटखाली बारा सिलिंडरांचे २,९५३ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. त्याचा मूळ आराखडा जोआकिनो कोलोंबोचा. हेच इंजिन फेरारीच्या ‘टेस्टा रोसा’ या निव्वळ शर्यतीच्या गाडीत आधी तावूनसुलाखून निघाले होते. दोन ओळींच्या मधल्या खोबणीत सहा वेबर कार्ब्युरेटर रांगेने बसवलेले होते. प्रत्येकाला दोन नळ्या, म्हणजे दर सिलिंडरला स्वतःची एक. तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवले जाई. त्यामुळे इंजिन आणखी खाली बसवता आले आणि जोराच्या वळणावर तेल एका बाजूला जाऊन बेअरिंगे कोरडी पडण्याची भीती राहिली नाही. ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती, गिअर पाच आणि वजन जेमतेम नऊ क्विंटल. ताशी २७० किलोमीटरच्या पुढे जाणारी ही गाडी होती.

शरीर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. मोदेनामधल्या सर्जो स्काल्येत्तीच्या कारखान्यात कारागीर हा पत्रा हाताने ठोकून वळवत. साच्यातून गाड्या निघत नसल्यामुळे कोणत्याही दोन जीटीओ तंतोतंत सारख्या नाहीत. एकीच्या चाकावरची कमान दुसरीपेक्षा अंगठाभर फुगीर असते, तर एकीच्या बाजूच्या हवेच्या फटी वेगळ्या. नाकाच्या टोकाला अर्धचंद्राकृती तीन झडपा आहेत. थंड हवेत त्या बसवायच्या आणि उकाड्यात काढून टाकायच्या. आत बसल्यावर समोर मोठा दिसतो तो इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. वेगमापक बसवलेलाच नाही, कारण शर्यतीत चालकाला फेऱ्यांशी काम असते. गालिचा नाही, छताला अस्तर नाही. उघड्या दांड्याला धरून गिअर टाकताना तो धातूच्या चौकटीतल्या खाचांतून खटखट सरकतो. आसनांना मात्र निळे जाड कापड लावलेले असते. चैनीची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट.

ही गाडी पैसे आहेत म्हणून मिळत नसे. अमेरिकेत तिची किंमत १८,००० डॉलर होती आणि तिथल्या गिऱ्हाइकांची निवड फेरारीचा प्रतिनिधी लुईजी किनेत्ती करी. युरोपात शेवटचा शब्द खुद्द एन्झोचा. कलहात बाहेर पडलेल्या मंडळींना आधार देणाऱ्या व्हेनिसच्या काउंट व्होल्पीला त्याने जीटीओ साफ नाकारली. व्होल्पीने मग बिझ्झारिनीकडूनच आपली जुनी आखूड सांगाड्याची फेरारी बदलून घेतली. लांब सपाट छप्पर आणि सरळ कापलेली शेपटी असलेली ती गाडी पाव विकणाऱ्याच्या व्हॅनसारखी दिसे, म्हणून तिला तेच नाव पडले. १९६२च्या ल मां शर्यतीत ती जीटीओंच्या बरोबरीने धावली.

शर्यतीतली तीन वर्षे

जीटीओची पहिली शर्यत मार्च १९६२मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेब्रिंगला झाली. किनेत्तीच्या संघाची गाडी आदल्या वर्षीचा विश्वविजेता फिल हिल आणि बेल्जियमचा ऑलिव्हिए जांदबियां यांच्या हाती होती. बारा तासांच्या त्या शर्यतीत फक्त शर्यतीसाठी बनलेल्या मोटारींमध्ये ती एकूण दुसरी आली आणि जीटी वर्ग तिने सहज जिंकला. जूनमधल्या ल मांच्या चोवीस तासांत पिएर नोब्ले आणि जाँ गिशे दुसरे आले, तर बेल्जियमची जोडी तिसरी. पुढच्या वर्षीही ल मांला जीटीओच दुसरी होती. इंग्लंडमधल्या गुडवुडच्या टूरिस्ट ट्रॉफीत १९६२ साली इनेस आयर्लंडने आणि १९६३ साली ग्रॅहॅम हिलने तिला विजय मिळवून दिला. मोठ्या इंजिनाच्या जीटी वर्गाचे उत्पादक विजेतेपद १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षे फेरारीकडे राहिले.

यातले बहुतेक यश कारखान्याच्या संघाचे नव्हते. गाड्या विकत घेणारे लोक स्वतःच त्या चालवत, नाही तर ओळखीच्या चालकाला देत. कोणी कापड गिरणीचा मालक, कोणी सराफ, कोणी मोटारींचा विक्रेता. आठवडाभर धंदा पाहायचा आणि रविवारी शर्यतीला जायचे, असा त्यांचा शिरस्ता. शर्यतीच्या गावापर्यंत गाडी कित्येकदा नंबरप्लेट लावून रस्त्यानेच नेली जाई. जीटी वर्गाचा पाया अशा हौशी माणसांवर उभा होता आणि क्रमांक ३८५१चा पहिला मालकही यांच्यातलाच.

पहिला महिना

फेरारी त्या काळी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक देत असे, आणि जीटीओंनाही तसेच क्रमांक मिळाले. ३८५१ ही अनुक्रमाने एकोणिसावी जीटीओ. ती सप्टेंबर १९६२मध्ये पूर्ण झाली आणि फ्रेंच चालक जो श्लेसेरला विकली गेली. मादागास्करमध्ये वाढलेला श्लेसेर तेव्हा चौतिशीत होता. त्याचा जोडीदार होता आँरी ओरेये. फ्रान्समध्ये ओरेयेचे नाव मोटारींच्या आधी बर्फामुळे घरोघरी पोचले होते. १९४८च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने स्कीइंगची दोन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळवले होते. महायुद्धात तो जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होता. उतारावरच्या त्याच्या बेफाम वेगाची आख्यायिकाच झाली होती. स्की सोडल्यावर तो मोटारींकडे वळला.

गाडी हाती आल्यावर काही दिवसांतच दोघांनी तिला ‘तूर द फ्रांस’ या मोटार स्पर्धेत उतरवले. ही स्पर्धा म्हणजे एक शर्यत नव्हे, तर आठवडाभर चालणारी शर्यतींची माळ. रेंस, ल मां, स्पा अशा ट्रॅकांवरच्या फेऱ्या, मध्ये डोंगर चढण्याच्या वेळा आणि या सगळ्यांना जोडणारा हजारो किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता, बराचसा रात्रीचा. ट्रॅकवर जिंकायचे आणि लगेच ठरलेल्या वेळेत पुढचे ठाणे गाठायचे. इथे वेगाइतकीच गाडीच्या टिकाऊपणाची परीक्षा होई. श्लेसेर आणि ओरेये एकूण दुसरे आले. पहिला क्रमांक आंद्रे सिमाँ आणि मोरिस द्युपेराँ यांना मिळाला, तोही जुन्या आखूड सांगाड्याच्या फेरारीवर. अगदी नव्या, अजून अंगवळणी न पडलेल्या गाडीने पहिल्याच स्पर्धेत एवढे करून दाखवणे ही मोठी गोष्ट होती.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ७ ऑक्टोबर १९६२ रोजी, पॅरिसच्या दक्षिणेला मोंलेरीच्या ट्रॅकवर शर्यत होती. १९२४ साली बांधलेला हा ट्रॅक काँक्रीटच्या उंच तिरक्या कडांसाठी प्रसिद्ध आणि त्याच्या उखडलेल्या पृष्ठभागासाठी कुप्रसिद्ध होता. ३८५१ त्या दिवशी ओरेयेच्या हाती होती. शर्यतीत गाडी ताब्याबाहेर गेली आणि अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो ३६ वर्षांचा होता. युद्ध, बर्फ आणि हिमकडे यांतून सहीसलामत आलेला माणूस एका दुपारी गेला. श्लेसेर पुढे आणखी सहा वर्षे धावला. ७ जुलै १९६८ रोजी रुआँ इथे फ्रेंच ग्रां प्रीमध्ये होंडाच्या गाडीला आग लागून तोही गेला. त्याचा मित्र गी लिजिएने नंतर स्वतःच्या कारखान्याच्या गाड्यांना त्याच्या नावाची आद्याक्षरे दिली.

डोंगराच्या वाटेने

मोडलेली ३८५१ मारानेल्लोला परत गेली आणि कारखान्याने ती दुरुस्त केली. त्या काळात अशी गाडी पुन्हा उभी करण्यात कोणाला वावगे वाटत नसे. शर्यतीची गाडी म्हणजे काम करायचे अवजार. तुटले तर जोडायचे, पत्रा फाटला तर नवा ठोकायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरायचे.

१९६३ साली ती इटलीच्या पाओलो कोलोंबोने घेतली आणि तिच्या शर्यतींची तऱ्हाच बदलली. इटलीत तेव्हा डोंगरचढाईच्या शर्यतींना अफाट गर्दी लोटे. बंद केलेल्या घाटरस्त्यावर एकेक गाडी सोडायची आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा वेळ मोजायचा. त्रेंतोहून बोंदोनेच्या माथ्यावर जाणारी अशी शर्यत १७ किलोमीटरांची आहे आणि तिच्यात वळणांमागून वळणे येतात. समोर प्रतिस्पर्धी दिसत नाही, दुसरी फेरी नाही, चूक भरून काढायला वाव नाही. अशा रस्त्यावर सगळ्यात मोठा वेग कामाचा नसतो. वळण संपताच गाडी किती झटकन उसळते, यावर वेळ ठरतो. खालच्या फेऱ्यांपासूनच जोर लावणारे जीटीओचे इंजिन त्यासाठी योग्य होते. एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी याने तर १९६२ साली क्रमांक ३४१३ची जीटीओ दहा शर्यतींत उतरवून नऊ जिंकल्या होत्या. कोलोंबोने ३८५१ला हाच मार्ग दाखवला. १९६४ साली ती दक्षिण टिरोलमधल्या एर्नेस्तो प्रिनोतकडे गेली. प्रिनोत मूळचा मेकॅनिक. बर्फ दाबून सपाट करणारी त्याच्या कंपनीची यंत्रे पुढे आल्प्समधल्या स्की-मैदानांवर सर्रास दिसू लागली. त्यानेही ती डोंगरी शर्यतींत पळवली.

एव्हाना जीटीओचे दिवस भरत आले होते. इंजिन चालकाच्या मागे असलेल्या गाड्यांनी शर्यतीचे गणितच बदलले होते. फेरारीने अशीच २५० एलएम ही गाडी जीटी म्हणून मांडली, तेव्हा महासंघाने शंभर गाड्यांच्या अटीवर बोट ठेवून मान्यता नाकारली. म्हणून १९६४ साली जुन्याच जीटीओला रुंद आणि बुटके शरीर चढवून चालवावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या शेल्बी कोब्रा डेटोना गाडीने ल मांला जीटी वर्ग जिंकला आणि १९६५चे विजेतेपदही तिनेच नेले.

भाव उतरलेली वर्षे

शर्यतीतून बाद झालेल्या गाडीला तेव्हा किंमत नसे. संग्राहकांना युद्धापूर्वीच्या गाड्या हव्या असत आणि चालकांना पुढच्या मोसमाची नवी. जीटीओ रोजच्या वापराला नकोशी होती : आवाज कानठळ्या बसवणारा, उकाडा असह्य, क्लच जड. साठच्या दशकाच्या शेवटी कित्येक जीटीओ काही हजार डॉलरांत हात बदलत होत्या. क्रमांक ३५८९ची गाडी तर टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया इथल्या शाळेला देणगी म्हणून मिळाली. मोटारदुरुस्तीच्या वर्गातली मुले तिच्यावर काम शिकली. १९७२ साली शाळेने ती ६,५०० डॉलरना विकली आणि पुढे ओहायोत ती वर्षानुवर्षे ट्रेलरवर उघड्या शेतात पडून राहिली. इतरांत कोणाची इंजिने दुसऱ्या गाडीला गेली, तर कोणाचे पत्रे बदलले गेले. आज ज्यांच्यासाठी कडक बंदोबस्त लागतो, त्या गाड्या त्या वर्षांत कोणी वाचवल्या म्हणूनच वाचल्या.

३८५१ला वाचवणारा माणूस म्हणजे फाब्रित्सिओ व्हिओलाती. रोममधल्या सधन घराण्यातला, खनिज पाण्याच्या व्यवसायातला. १९६५ साली प्रिनोतकडून त्याने ती २५ लाख लिरांना, म्हणजे सुमारे ४,००० डॉलरना घेतली. मुलाने शर्यतीच्या गाड्यांच्या नादी लागू नये, अशी घरच्यांची इच्छा. त्यामुळे गाडी त्यांच्या नजरेआड ठेवावी लागे आणि ती चालवायची तर रात्री. गुंतवणूक म्हणून ही खरेदी झालेली नव्हती, कारण तेव्हा तिच्यातून काही मिळेल असे कोणालाच वाटत नव्हते. त्याला ती हवी होती, एवढेच.

पुढे फेरारींचा संग्रह वाढत गेला. व्हिओलातीने सान मारिनोत ‘मारानेल्लो रोसो’ नावाचे संग्रहालय उभे केले आणि ३८५१ हे त्याचे मुख्य आकर्षण ठरले. गाडी काचेआड ठेवून द्यायची नाही, हा त्याचा हट्ट होता. जुन्या गाड्यांच्या शर्यती युरोपात सुरू झाल्यावर तो तिला घेऊन त्यांत उतरत राहिला. भाव कोटींच्या घरात गेले तेव्हाही त्याने ती विकली नाही. २०१०मध्ये तो वारला, त्या वेळी गाडी त्याच्याकडे येऊन ४५ वर्षे झाली होती.

नोंदीची किंमत

सत्तरच्या दशकात वारे फिरू लागले. लोकांना आपल्या तरुणपणीच्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसनने १९७७ साली ल मांला तिसरी आलेली जीटीओ ३७,००० पौंडांना घेतली. पुढच्या दशकात भाव असा चढला की, १९८९च्या सुमाराला एका जीटीओने एक कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. लगेच बाजार कोसळला आणि पुन्हा सावरायला कित्येक वर्षे गेली. त्यानंतरची चढण मात्र थांबली नाही.

किंमत वाढली तशी ओळखीची झडती सुरू झाली. आखूड सांगाड्याच्या किंवा साध्या २५० जीटीवर जीटीओचा पत्रा चढवून प्रतिकृती बनवणारे पुष्कळ होते. कापून फेकलेल्या तुकड्यांभोवती ‘तीच’ गाडी उभी करणारेही निघाले. मग प्रश्न आला, खरी गाडी कोणती? शर्यतीत इंजिन बदलते, पत्रा तर दर मोसमात ठोकला जातो. लुआल्दी-गाबार्दीच्या ३४१३ला १९६४ साली कारखान्यानेच नवे शरीर दिले होते आणि तरीही ती ३४१३च राहिली. टिकते ते एकच : चासीचा क्रमांक आणि त्याच्यामागची सलग नोंद. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसे एकामागून एक फेरफार चढत जातात, तशी गाडीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, ती कुठे धावली, कुठे मोडली, कोणी दुरुस्त केली, हे सगळे क्रमाने लागले पाहिजे. मध्ये एक जरी कडी निसटली तरी शंकेला जागा होते. त्यासाठी कारखान्याच्या जुळणीचे कागद, शर्यतींचे निकाल, जुनी छायाचित्रे आणि नोंदणीच्या वह्या तपासल्या जातात. फेरारीनेही स्वतःच्या जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारा विभाग काढला.

या कसोटीवर ३८५१ भक्कम ठरते. श्लेसेर, कोलोंबो, प्रिनोत, व्हिओलाती असे मोजके मालक, सगळे ज्ञात, आणि शेवटचा तर जवळजवळ अर्धे शतक एकच. मोंलेरीचा अपघात आणि त्यानंतरची दुरुस्ती तिच्या इतिहासात उघडपणे लिहिलेली आहे. दुरुस्ती मूळ कारखान्याच्या हातून, अपघातानंतर लगेच आणि त्याच क्रमांकावर झाली असल्याने ती गाडीच्या आयुष्याचाच भाग मानली जाते. तीस-चाळीस वर्षांनी तुकडे गोळा करून केलेली पुनर्बांधणी वेगळी आणि ही वेगळी.

लिलाव आणि नंतर

व्हिओलातीच्या पश्चात संग्रह विकायला निघाला. १४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅलिफोर्नियात कार्मेलजवळच्या क्वेल लॉज इथे बॉनहॅम्सने मारानेल्लो रोसो संग्रहातल्या दहा फेरारी लिलावात काढल्या. ३८५१वरचा हातोडा ३ कोटी ४६ लाख ५० हजार डॉलरवर पडला. लिलावगृहाचा आकार धरून एकूण रक्कम ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २३० कोटी रुपये झाली. आधीच्या वर्षी हुआन मान्वेल फान्जियोच्या मर्सिडीज ग्रां प्री गाडीने केलेला विक्रम मोडला आणि लिलावात विकली गेलेली जगातली सर्वांत महाग मोटार म्हणून ३८५१ची नोंद झाली.

हा मान चार वर्षे टिकला. ऑगस्ट २०१८मध्ये मोंटेरेच्या लिलावात ३४१३ला ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलर मिळाले. ल मांला चौथी आलेली आणि १९६४ची ‘तूर द फ्रांस’ जिंकलेली ४१५३ त्याच वर्षी, २०१८मध्ये, खासगी व्यवहारात सुमारे सात कोटी डॉलरना गेल्याच्या बातम्या आल्या. २०२२ साली मर्सिडीजच्या ३०० एसएलआर बंद गाडीने साडेतेरा कोटी युरो घेऊन हे सगळे आकडे मागे टाकले. दरम्यान २०१९मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओचा आकार ही कलाकृती असल्याचे मान्य केले आणि परवानगीवाचून तिची नक्कल करण्याला मनाई केली.

इतकी किंमत आल्यावरही यांतल्या बऱ्याच गाड्या आजही धावतात. दर पाच वर्षांनी मालक एकत्र येतात आणि युरोपातल्या रस्त्यांवर जीटीओंची रांग निघते. गुडवुडच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत त्या एकमेकींना घासून वळणे घेतात. ३८५१ची प्रतिष्ठाही अशा वापरावरच उभी आहे. तिच्यापेक्षा जास्त शर्यती जिंकलेल्या जीटीओ आहेत, ल मांला नाव कमावलेल्याही आहेत. पण जिंकणे, मोडणे, दुरुस्त होणे, अडगळीत जाणे आणि एका माणसाच्या निष्ठेमुळे टिकणे हा सगळा प्रवास एका क्रमांकाखाली इतक्या स्पष्टपणे लिहिलेला क्वचितच सापडतो. लिलावात मोजलेल्या पैशांत पत्रा आणि इंजिन यांचा वाटा लहान आहे. मोठा वाटा १९६२ ते २०१४ या ५२ वर्षांच्या अखंड नोंदीचा आहे. आणि ती नोंद अखंड राहिली, कारण गाडीला काहीच किंमत नव्हती त्या काळात व्हिओलातीने ती हातची जाऊ दिली नाही.